समूळ वगळण्यात यावे

…आणि वर म्हणतो काय, आम्हाला तुमची आठवण येते. कोणाला? वाळवीच्या औषधवाल्याला. कोणाची? माझी. तुम्हाला सांगतो, तेहतीस वर्षं कचेरीत काढली, निरोपाच्या दिवशी साहेबांनी नारळ दिला, शाल दिली, भाषणात माझं नाव एकदा चुकवलं, पण तुमची आठवण येईल असं काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. सख्खी मुलगी पुण्याला आहे, संघप्रिया, ती रविवारी फोन करते, "बाबा, बीपीची गोळी घेतली का," एवढं विचारते आणि फोन आईकडे द्यायला सांगते. आणि हा माणूस, ज्याने तीन वर्षांपूर्वी माझ्या भिंतीला भोकं पाडून त्यात औषध ओतलं, त्याला मंगळवारी सकाळी सव्वाअकराला माझी आठवण येते. शुक्रवारी परत येते. संकष्टीला येते, ख्रिसमसला येते, जागतिक डास दिनाला येते… असा एक दिन असतो, मलाही त्याच्याच ई-मेलमधून कळलं.

आता यात चूक माझी नाही असं मी म्हणत नाही. चूक माझीच. पण ती कशी झाली ते ऐका.

खारघरला आमचा सातव्या मजल्यावर फ्लॅट. सातव्या मजल्यावर वाळवी येते कशी, हे मला अजून समजलेलं नाही. जिना चढून की लिफ्टने? मेंटेनन्स न भरता राहते, एवढं खरं. तर तीन वर्षांपूर्वी पुस्तकांच्या कपाटाच्या पाठीमागे मातीची एक रेघ दिसली, आणि मी किसनशेठला बोलावलं. किसनशेठ इथलाच, मूळच्या गावातला, त्याच्या बापजाद्यांच्या शेतांवर आपण सगळे आज सात-सात मजले चढून बसलोय. 'किसन कीटक निवारण' म्हणून दुकान आहे. स्वतः आला, ड्रिल मारलं, औषध भरलं, हात धुतले, चहा घेतला आणि म्हणाला, "काका, टेन्शन नाय घ्यायचा. पाच वर्सं वालवी तुमच्या घराचा पत्तासुदा इचारनार नाय. आली तर फुकट मारून देईन, ग्यारंटी." मी म्हटलं, गॅरंटीचं कार्ड? तर हसला. "कार्डबिर्ड गेला काका. आता सगला ऑनलाइन. आमची सून बघते, शिकलेली हाय. तुमचा ई-मेल टाका फक्त."

मी टाकला. तिथे संपलो.

पहिला ई-मेल आला तो असा: "प्रिय पुस्तकवाले लिफ्टजवळ, आम्हाला तुमची आठवण येते." मला कळेना हे गृहस्थ कोण. मग लक्षात आलं, किसनशेठच्या माणसाने वहीत ओळखीसाठी लिहून ठेवलं असणार, "चंद्रशेखर काका, पुस्तकवाले, लिफ्टजवळ," आणि सुनेच्या मशीनने त्यातलं चंद्रशेखर काका सोडून बाकीचं नाव म्हणून उचललं. त्यानंतर दर आठवड्याला. "पुस्तकवाले, तुमच्या स्वयंपाकघरात कोण फिरतंय?" अहो, माझी बायको फिरते. "लिफ्टजवळ, तुमच्यासाठी खास!" दिवाळीला एक झुरळ, त्याच्या दोन मिशांवर दोन पणत्या, खाली शुभेच्छा. आणि एक तर असा आला की, आज तुमच्या ट्रीटमेंटचा दुसरा वाढदिवस, सोबत केकचं चित्र. माझा साठावा वाढदिवस माझ्या भावाच्या लक्षात नव्हता.

आता दुसरा कोणी असता तर दुर्लक्ष केलं असतं. माझी अडचण अशी की मी आवक-जावकचा कारकून. तुम्हाला माहीत नसेल तर सांगतो, कचेरीत आलेला प्रत्येक कागद पहिला माझ्या टेबलावर यायचा. त्यावर शिक्का, आवक क्रमांक, तारीख. आणि आलेल्या प्रत्येक कागदाला उत्तर जायचं. उत्तर काय द्यायचं ते साहेब ठरवायचे, बहुतेक वेळा "आपला अर्ज विचाराधीन आहे" एवढंच असायचं, पण जायचं. तेहतीस वर्षांत माझ्या टेबलावरचा एक कागद अनुत्तरित राहिला नाही. मग हाताला सवय लागलेली. मी किसनशेठला उत्तर लिहिलं: "आपल्या दिनांक चारच्या ई-मेलच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, आपणांस माझी आठवण येते ही बाब नोंदवून घेण्यात आली आहे. तथापि सद्यःस्थितीत माझ्या घरी वाळवी नाही. सबब आठवण काढण्याचे प्रयोजन दिसून येत नाही."

दुसऱ्या दिवशी दोन ई-मेल आले. त्या दोहोंना उत्तर दिलं तर त्या आठवड्यात पाच. उज्वला, म्हणजे आमची सौभाग्यवती, ती चष्म्यावरून बघायची. "अहो, तुम्ही उत्तरं देता म्हणून येतात." मी म्हटलं, ते पाठवतात म्हणून मी उत्तरं देतो. ती म्हणाली, "त्यांना वाटत असेल तुम्हाला आवडतंय." म्हटलं, कोणाला वाटत असेल, तिकडे माणूस आहे का? तर म्हणाली, "नसेल तर मग तुम्ही कोणाला लिहिताय?" बायकोने असा प्रश्न विचारला की मी वर्तमानपत्र उघडतो.

म्हणाल, खाली बारीक अक्षरात 'यादीतून बाहेर पडा' असं लिहिलेलं असतं, ते दाबायचं होतं. असतं. निळ्या अक्षरात असतं. आणि आमच्या बँकेने आम्हा पेन्शनरांना उभं करून बजावलेलं आहे की निळ्या अक्षरांवर बोट लावायचं नाही, पैसे जातात. म्हणून मी रीतसर अर्ज केला. आता इथे नीट ऐका, कारण सगळं रामायण या एका अर्जाचं आहे. विषय, संदर्भ, महोदय, सगळं यथास्थित, आणि शेवटी मागणी: "तरी माझे नाव आपल्या दप्तरातील सर्व नोंदींतून समूळ वगळण्यात यावे, व तसे केल्याचे लेखी कळवावे, ही विनंती." समूळ. या शब्दावर मी पाच मिनिटं खूश होतो. नुसतं 'वगळावे' लिहिलं असतं तर कोणी एका यादीतून काढतो आणि दुसऱ्या यादीत ठेवतो. मला कचेऱ्या माहीत आहेत. समूळ म्हटलं की पळवाट नाही.

आणि काय सांगू तुम्हाला, तासाभरात उत्तर. "नमस्कार काका, तुमचे नाव सगळीकडून काढले आहे. धन्यवाद. श्रुती." मला भरून आलं हो. उभ्या आयुष्यात अर्जाप्रमाणे तंतोतंत आणि त्याच दिवशी अंमलबजावणी मी प्रथमच पाहिली. त्या आनंदात आधीचे सगळेच्या सगळे ई-मेल पुसून टाकले. एक ठेवला नाही.

पुढचे दोन महिने शांतता. कोणाला माझी आठवण येईना. मंगळवारी सव्वाअकराला मी उगीच फोन उघडून बघायचो. उज्वला म्हणाली, "करमत नाही वाटतं."

आणि मग गेल्या महिन्यात, एक पुस्तक काढायला कपाट उघडलं. पुस्तक हाताला आलं ते कसं, तर जड असायला हवं ते हलकं. उघडलं. चारी कडा शाबूत, पुठ्ठा शाबूत, आणि मध्ये घर. खोल्या, जिने, गच्ची… आपल्या बिल्डरला जमलं नाही असं प्लॅनिंग. उज्वला मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "चला, घरात तुमच्याशिवाय कोणीतरी वाचतंय."

हसलात. मीही हसलो असतो. पण कपाटात काय आहे ते तुम्हाला सांगितलं नाही. दर सहा डिसेंबरला आम्ही दादरला जातो. तिथे पुस्तकांचे स्टॉल लागतात, ते तुम्हाला ठाऊक आहेच. येताना हातात पिशवी असते आणि पिशवीत पुस्तकं. आमच्या घरात हे वडिलांनी सुरू केलं. सिताराम त्यांचं नाव. गोदीत ओझी उचलायचे, चाळिशीत रात्रशाळेत जाऊन वाचायला शिकले, आणि त्या वर्षी पहिलं पुस्तक विकत घेतलं, पहिल्या पानावर सही केली. 'सिताराम', 'सि' ऱ्हस्व. मी कारकून, दुसऱ्याचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्यात हयात गेली. तो 'सि' मी कधी सुधारला नाही. घरातल्या प्रत्येक पुस्तकावर मी आवक क्रमांक टाकलेला आहे, आणि ते पुस्तक आवक क्रमांक एक. मागच्या रांगेत, भिंतीला लागून, डाव्या कोपऱ्यात. मी टॉर्च मारला. मातीची रेघ डाव्या कोपऱ्यातून वर गेलेली, आणि एक नंबरवर जाड लिंपण.

उज्वला म्हणाली, "काढा हो ते आधी." मी म्हटलं, थांब. गॅरंटीची अट होती, किसनशेठने सांगितलेली: वाळवी दिसली की छेडायची नाही, आमचा माणूस बघेपर्यंत जागा आहे तशी ठेवायची, छेडली तर ती पांगते आणि गॅरंटीपण जाते. आता एक नंबर धरून ओढायचं, तर रेघ फुटणार, वाळवी अकराशे पुस्तकांत पांगणार. नाही ओढायचं, तर ती समोर बसून जेवतेय. मी फोन लावला.

फोनवर एक बाई, रेकॉर्ड केलेली. "किसन कीटक निवारणमध्ये आपलं स्वागत आहे. आमच्या जुन्या ग्राहकांची आम्हाला नेहमी आठवण येते. जुने ग्राहक असाल तर एक दाबा." मी एक दाबला. "कृपया आपला नोंदणीकृत मोबाइल नंबर टाका." टाकला. "क्षमस्व, आपण आमचे जुने ग्राहक नाही." परत टाकला. क्षमस्व. तिसऱ्यांदा मी दोन दाबला, नवीन ग्राहक, तेव्हा खरी मुलगी बोलली. श्रुती.

"हॅलो काका, बोला ना."

म्हटलं, बाई, मी चंद्रशेखर, ए सातशे दोन, माझी पाच वर्षांची गॅरंटी आहे, वाळवी परत आली आहे, माणूस पाठवा.

"एक मिनिट हां… काका, तुमचं नावच नाहीये सिस्टिममध्ये."

म्हटलं, पुस्तकवाले लिफ्टजवळ बघा.

"ते होते काका. आमचे सगळ्यात हॉट कस्टमर होते ते. प्रत्येक मेलला रिप्लाय. मी तर सासऱ्यांना सांगायचे, बघा, कोणीतरी वाचतं. पण मग त्यांनी अर्ज केला ना, नाव काढा म्हणून."

"तो मीच. नाव ई-मेलच्या यादीतून काढायचं होतं, गॅरंटीतून नाही."

"असं नव्हतं लिहिलं काका. थांबा, अर्ज तेवढा ठेवलाय, वाचते." आणि तुम्हाला सांगतो, माझा स्वतःचा अर्ज मला फोनवर वाचून दाखवला. "सर्व नोंदींतून समूळ वगळण्यात यावे. मला समूळचा अर्थ माहीत नव्हता, मी सासऱ्यांना विचारलं, ते बोलले मुळासकट. मग मी मुळासकट काढलं. तुमचा नंबर, पत्ता, ट्रीटमेंटची तारीख, गॅरंटी. पूर्ण दुपार गेली माझी त्यात."

आयुष्यात एकदा एका माणसाने माझं मराठी शब्दशः पाळलं.

"तुमच्याकडे एखादा जुना मेल असेल तर दाखवा, मी मॅनेज करते." म्हटलं, सगळे पुसले. "अरे. तुमच्याकडचे पण समूळ?"

मी उठलो आणि दुकानात गेलो. किसनशेठ गल्ल्यावर बसला होता. मला बघून उभा राहिला. "काका तुमी? पुस्तकावाले ना, लिफ्टजवल? कपाट सागवानी, डाव्या अंगाला ओल, बाथरूमची भिंत पाटीमागं. बसा, च्या सांगतो." बघा, माणसाला सगळं आठवत होतं. कपाटाचं लाकूडसुद्धा. म्हटलं, शेठ, मग माणूस पाठवा. तर डोकं खाजवायला लागला. "तिथंच तर घान हाय काका. सूनबाईनं सगला कॉम्प्युटरवर बांधलाय. जॉब नंबर पडल्याबिगर औषदाची कॅन गोडाऊनमदून निघत नाय. मना सवताला भेटत नाय. माजंच दुकान, माजंच औषद, आन माजंच कुलूप." श्रुती बाजूला बसलेली, लाजून म्हणाली, "पप्पा, चोरी होत होती ना." "व्हत व्हती, बरोबर हाय तुजा," तो म्हणाला.

म्हटलं, पण मी समोर उभा आहे, तुम्ही मला ओळखताय, कपाट ओळखताय. यापेक्षा पुरावा काय पाहिजे?

तेव्हा तो हसला. कडवट नाही, खरंच हसला. "काका, माजा बा सा वर्सं फिरला येका हाफिसान, जमिनीच्या कागदासाटी. सगली ओलखायची त्याला. शिपाई ओलखायचा, सायेब ओलखायचा. बोलायचे, तू हाईस रे, पन कागदावर नाय."

ती कचेरी माझी नव्हती. तुम्हाला शपथेवर सांगतो, माझी नव्हती. पण हे वाक्य मी ओळखलं. 'दप्तरी नोंद आढळून येत नाही'. हे माझ्या अक्षरात किती वेळा गेलं असेल, त्याची नोंद मात्र मी ठेवलेली नाही. मी चहा घेतला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

श्रुती म्हणाली, "काका, नवीन ग्राहक म्हणून टाकते. नऊ दिवसांनी तारीख आहे. ती सर्व्हिस झाली की तुम्ही आपोआप जुने व्हाल." मी आजवर जो जुना झालो तो फुकट आणि न विचारता झालो. इथे जुनं व्हायला नऊ दिवस थांबायचं होतं. म्हटलं, नऊ दिवसांत वाळवी एक नंबर संपवेल. किसनशेठने विचारलं, "येक नंबर मंजे?" मी सांगितलं. वडिलांचं पुस्तक. पहिलं. सही आहे.

त्याने ड्रॉवरमधून रंगाचा ब्रश काढला, एक बारीक पट्टी काढली, आणि स्कूटर बाहेर काढली. "औषदाला नंबर लागतो काका. ब्रशला नाय लागत. बसा मागं."

अर्धा तास तो माणूस माझ्या कपाटात डोकं घालून होता. एका हातात टॉर्च, एका हातात ब्रश, लिंपण सुटं करतोय कणाकणाने, फुंकर नाही, घाई नाही, आणि बाजूला उज्वला परात धरून उभी, माती खाली पडू नये म्हणून. वाळवी पांगली नाही. पुस्तक बाहेर आलं. मी हात पुढे केला, पण आधी त्याने पहिलं पान उघडलं, सही बघितली, बोट न लावता. "शिकलेला व्हता तुमचा बा," म्हणाला. "माजा आंगठा मारायचा." आणि मला दिलं.

सही राहिली. मागची तीसेक पानं गेली, शेवट गेला. शेवट मला पाठ आहे, वडील मोठ्याने वाचायचे.

नऊ दिवस आम्ही कपाटाला हात न लावता काढले. रेघ रोज बोटभर वाढायची, मी खुर्ची टाकून बघत बसायचो, उज्वला म्हणायची, "मोजताय काय, हजेरी घेताय का त्यांची?" दहाव्या दिवशी जॉब नंबर पडला, कॅन निघाली, माणसं आली, भोकं पाडली. एकूण अकरा पुस्तकं गेली. अकराशेत अकरा. लोक म्हणतात थोडक्यात सुटलात. लोकांनी ती वाचलेली नाहीत.

आणि ती माणसं लिफ्टमध्ये शिरत नाहीत तोच खिशात टिंग. "प्रिय चंद्रशेखर काका, किसन परिवारात तुमचं स्वागत." नाव बरोबर होतं. श्रुतीने स्वतः घातलं होतं. मी फोन करून आभार मानले, तर म्हणाली, "काका, एक लक्षात ठेवा हां, आता अर्ज करू नका. आणि उत्तरं नाही दिलीत तरी चालेल, पण मेल उघडत जा."

म्हटलं, का?

"तीन महिने मेल उघडले नाहीत ना, की सिस्टिम समजते माणूस आता नाही. मग ती आपोआप नाव काढते. गॅरंटीसकट. मी नाही काढत काका, ती काढते."

आता काय करता? रोज सकाळी चहा ठेवतो आणि ई-मेल उघडतो. रोज, कारण मधला एखादा राहिला तर ती कुठून मोजते कोणास ठाऊक. आज मिशीवाला उंदीर होता, काल ढेकूण, परवा पुन्हा आम्हाला तुमची आठवण येते. शेवटपर्यंत वाचतो, उगीच शंका नको. पेन्शनीसाठी दर नोव्हेंबरला बँकेत जातो, मशीनवर बोट टेकवतो, मी जिवंत आहे असं सांगतो, आणि सरकार बिचारं पुढचं वर्षभर माझ्यावर विश्वास ठेवतं.